चिल्ड्रन ऑफ ब्लड अँड बोन – झेली आणि इनानचं प्रेम कुणाला पटलं का? (स्पॉयलर आहेत, आधीच सांगते)

कडकभाकरी:
टोमी आडेयेमीचं हे पुस्तक २०१८ चं, मी लईच उशिरा हातात घेतलं. हुतात्मा एक्सप्रेसनं सोलापूरहून पुण्याला जाता-येता वाचत होते आणि पहिला अर्धा भाग असला भारी आहे की कुर्डुवाडी कधी मागं गेलं कळलं पण नाही. आणि मग लव्हस्टोरी सुरू झाली आणि माझं डोकंच फिरलं.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ओरिशा नावाचं राज्य आहे, सगळं पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा परंपरेवर उभं केलंय, देवता, मंत्र, सगळं. तिथं आधी जादू होती, मग ती गेली आणि राजा सारननं संधी साधून जादूवाल्या सगळ्या मोठ्या माणसांना एका रात्रीत मारून टाकलं. झेलीच्या आईला तिच्या डोळ्यासमोर नेलं आणि साखळीनं झाडाला लटकवलं. आता पांढऱ्या केसांची पोरं तेवढी उरलीत, त्यांच्यावर कर लावायचा, नाही भरला की वेठबिगारीला धाडायचं. राजाची मुलगी अमारी महालातनं एक पोथी चोरून पळते, झेलीच्या गळ्यात पडते, आणि राजाचा मुलगा इनान त्यांच्या मागावर निघतो. मागावर म्हणजे काय, त्याच्याच फौजेच्या पायी झेलीचं गाव जळून खाक होतं.

आणि या माणसाच्या प्रेमात पडते ती!! तेही किती दिवसात, अयनाच्या दिवसाच्या आत जादू परत आणायचा विधी उरकायचाय म्हणून सगळी पळापळ चाललेली असते, त्यात जेमतेम काही आठवडे, त्यातही निम्मा वेळ दोघं एकमेकांचा जीव घ्यायला टपलेले. मग एकदम स्वप्नात भेटतात, मग एकदम त्याच्या डोळ्यांबद्दल पॅरेग्राफच्या पॅरेग्राफ, मग छावणीतला सण, मग किस. मी मागची पानं उलटून बघितली की माझं मधलं एखादं प्रकरण राहिलं की काय, नव्हतं राहिलं.

दुश्मनातून प्रेम हा प्रकार मला आवडतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण एकमेकांना टोमणे मारणारे दुश्मन वेगळे आणि गाव जाळणारे वेगळे ना. मला एकटीलाच असं वाटतंय का सगळ्यांनाच वाटलंय?

विजापूररोड_वाचक:
एकटी नाहीस. मी तर त्या भागात पानं भराभर उलटत होतो, हे मी सहसा करत नाही.

माझ्या मते घोळ नेमका कुठं झालाय सांगतो. इनानमध्ये स्वतःतच जादू जागी होते (ज्या गोष्टीचा द्वेष करायला बापानं शिकवलं तीच आपल्यात निघते, ही आयडिया एक नंबर आहे, यात वादच नाही) आणि त्याची जादू म्हणजे दुसऱ्याच्या मनात शिरणं. मग काय होतं, झेलीच्या आईचं मरण त्याला तिच्या आठवणीतनं थेट दिसतं, तिची भीती थेट जाणवते. झालं, त्याला कळलं, तो हळवा झाला. आता खऱ्या आयुष्यात, किंवा चांगल्या कादंबरीत, हे कळायला माणसाला काय काय करावं लागतं, ऐकून घ्यावं लागतं, नाकारलं जाणं सोसावं लागतं, काहीतरी गमवावं लागतं. इथं जादूनं शॉर्टकट मारला. आणि तिनं त्याला काही सांगायचं ठरवलेलंच नसतं, तो तिच्या मनात विनापरवानगी शिरलेला असतो, याचा तिला राग येतो खरा पण तो राग पुस्तक फार लवकर आवरतं घेतं.

दुसरं म्हणजे निवेदन. झेली, अमारी, इनान आळीपाळीनं "मी" म्हणून बोलतात. त्यामुळं इनानच्या पोटात काय चाललंय ते आपल्याला माहीत, त्याची ती सोंगटी हातात घट्ट धरणं, दहापर्यंत आकडे मोजणं, "कर्तव्य आधी" म्हणत स्वतःला समजावणं, आपल्याला त्याची दया येते. पण झेलीला यातलं काय दिसतं? तिला दिसतो तलवार घेतलेला राजपुत्र. लेखिकेनं आपल्याला पटवलं आणि झेलीला पटवायचं राहून गेलं.

नीट_की_जेईई:
मी सोडून सगळे एका बाजूला दिसतायत म्हणून लिहिते 😅 मला आवडली लव्हस्टोरी. आमच्या क्लासच्या ग्रुपमध्ये तिघी-चौघींनी वाचलंय आणि सगळ्यांना आवडली.

ताई, झेली आमच्याच वयाची आहे हो. आई नाही, बाबा खचलेले, दादा सारखा ओरडतो की तुझ्यामुळं सगळं बिघडतं. आणि पहिल्यांदा कुणीतरी असं भेटतं ज्याला तिच्या आत काय आहे ते न सांगता कळतं. मला तर ते खूप खरं वाटलं, इतकं एकटं असल्यावर चुकीच्या माणसाकडं पण ओढ वाटू शकते. आणि पुस्तक तरी कुठं म्हणतंय की ते बरोबर आहे, शेवटी काय होतं बघा ना, तो परत बापाच्याच बाजूला जातो. म्हणजे ती फसणारच होती, ते दाखवायलाच ही लव्हस्टोरी आहे.

आणि समुद्राच्या मिठाचा वास!! त्याला तिच्या आत्म्याचा तसा वास येतो, ते किती छान आहे.

कडकभाकरी:
@नीट_की_जेईई तुझा मुद्दा चांगलाय गं, एकटेपणाचा, तो मला वाचताना सुचलाच नाही. पण मग तो पुस्तकात असायला पाहिजे ना? तिनं एकदा तरी स्वतःशी म्हणावं की हा तोच आहे, याच्याच माणसांनी माझं घर जाळलं आणि तरी मला याच्याजवळ बसावं वाटतंय, माझं काय बिनसलंय. असं एक पान भरून भांडण तिच्या मनात झालं असतं तर मी गप बसले असते. ती घासाघीस फार थोडी आहे, आणि मग तो राजा झाल्यावर नवीन ओरिशा कसं असेल याची स्वप्नं दोघं रंगवायला लागतात, मला तिथं हसूच आलं.

मिठाच्या वासाचं मात्र सोड, तिसऱ्यांदा आल्यावर मला तहान लागायला लागली 😂

आणि अजून एक, शेवटी लेखिकेची टीप आहे ती वाचलीस का? तिनं स्वतःच लिहिलंय की अमेरिकेत पोलिसांच्या गोळीनं निःशस्त्र काळी माणसं मरतायत, त्या बातम्या बघून आलेल्या भीतीतनं आणि रागातनं हे पुस्तक लिहिलंय. ती टीप वाचून मला कसंतरीच झालं आणि लव्हस्टोरी अजूनच खुपली. इतकं मोठं दुःख मांडायचं आणि मग मारणाऱ्यांच्या पोराला हिरो करून नायिकेच्या मिठीत द्यायचं?

यंत्रमाग_पूर्वभाग:
टीप मी पण वाचली. पण म्हणून तसल्या पुस्तकात प्रेम नकोच असं नाही म्हणणार मी. आमच्या भाषेत सांगायचं तर ताणा लावायच्या आधीच चादर विणायला घेतलीय, धागा चांगला, रंग पण चांगला, पण उभ्याला आडवं धरणार काय.

आणि गंमत काय माहितेय का, याच पुस्तकात हे काम नीट केलेलं पण आहे. फक्त ते झेली आणि अमारीचं आहे! अमारी कोण, त्याच सारनची मुलगी. झेली तिला किती दिवस उभं करत नाही, सारखं राजकुमारी म्हणून हिणवायचं, तिचा भित्रेपणा काढायचा. अमारीनं काय काय केलं बघा. स्वतःच्या मैत्रिणीला, बिंटाला, बापानं डोळ्यासमोर मारलं म्हणून घर सोडलं. पोथी चोरली. इबेजीच्या आखाड्यात ती जहाजांची लढाई होते तिथं उतरली, हाताला रक्त लागलं. आणि शेवटी बापासमोर कोण उभं राहिलं? तीच. तिच्या पाठीवर जो वण आहे तो कुणाच्या तलवारीचा? इनानच्या. लहानपणी बापानं दोघांना खऱ्या तलवारी देऊन लढायला लावलं होतं.

म्हणजे एकाच घरातली दोन पोरं, एकीनं बापाला सोडून झेलीचा विश्वास कमावला, दुसऱ्याला तो फुकट मिळाला. कारण दुसऱ्याशी लव्हस्टोरी करायची होती. मला तर वाटतं प्रकाशन व्यवसायात हे एक ठरूनच गेलंय की सतरा वर्षांची नायिका आली की एक देखणा पोरगा आलाच पाहिजे, मग कथेला गरज असो नसो.

झेन (झेलीचा दादा) आणि अमारीचं पण आहे थोडं, ते गोड आहे, त्याचा त्रास नाही होत कारण कुणी कुणाचं गाव जाळलेलं नाही.

निवृत्तमास्तर:
मुलांनो, मी हे पुस्तक वाचलेले नाही, नातीने ही चर्चा दाखवली म्हणून लिहितो. मराठीत १८६१ साली लक्ष्मणशास्त्री हळबे यांनी 'मुक्तामाला' लिहिली, तेव्हापासून आपल्याकडे अद्भुतरम्य कादंबऱ्यांची रांग लागली आणि राजपुत्र, राजकन्या, संकटे, योगायोग हेच त्यात चालायचे. लोक चवीने वाचायचे. तुम्ही हल्ली प्रेमालाही हिशेब मागता!

बाकी नायिकेचा निश्चय म्हणाल तर आपल्या गावचीच गोष्ट घ्या. सिद्धरामेश्वरांशी लग्न करायचे कुंभारकन्येने ठरवले, ते योगी, लग्न करणार नाहीत, मग योगदंडाशी लग्न लागले. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, संमती कट्ट्यावर अजून अक्षता पडतात. तिथे निर्णय तिचा होता, हे ऐकणाऱ्याला लगेच कळते. तुमच्या या झेलीचा निर्णय कुठे आहे, एवढेच मला चर्चा वाचून कळले नाही.

विजापूररोड_वाचक:
@निवृत्तमास्तर काका, पुस्तक न वाचता तुम्ही आमच्यापेक्षा नेमकं बोललात. निर्णय हाच शब्द मी शोधत होतो. झेलीचं प्रेम तिच्यावर *येऊन पडतं*. गावासाठी, आईसाठी, जादूसाठी प्रत्येक ठिकाणी ती जीव धोक्यात घालून स्वतः ठरवते, आणि फक्त इनानच्या बाबतीत तिचं पोट आणि छाती ठरवते (धडधड, गरम होणं, श्वास अडकणं वगैरे).

कडकभाकरी, तुला याच दोन गोष्टी नीट केलेल्या बघायच्या असतील तर दोन पुस्तकं सांगतो.

क्रिस्टिन कशोरचं ग्रेसलिंग, २००८ चं. तिथं पण पो नावाच्या पोराला मनातलं कळायची शक्ती असते, म्हणजे समोरचा त्याच्याबद्दल जे विचार करतो ते. पण तो ते लपवतो, आणि नायिकेला, कट्साला, कळतं तेव्हा ती जी भडकते! फसवणूक झाली, माझे विचार माझे राहिले नाहीत, हा राग पुस्तक झटकून टाकत नाही, त्या रागातनं वाट काढत दोघं पुढं जातात. इनान-झेलीत जे नाही ते सगळं तिथं आहे.

दुसरं सबा ताहीरचं ॲन एम्बर इन द ॲशेस, २०१५. तिथं पण एक जुलमी साम्राज्याचा सैनिक आणि एक दबलेल्या जमातीतली पोरगी. पण इलायस पहिल्यापासनंच पळून जायच्या तयारीत असतो, प्रेमात पडल्यावर शहाणा होत नाही. एवढ्या एका गोष्टीनं किती फरक पडतो बघ. फक्त तिथं प्रेमाचा त्रिकोण आहे, त्रिकोण पण एक नाही, त्याचा तुला वैताग येणार हे आत्ताच सांगून ठेवतो.

नीट_की_जेईई:
एम्बर मी वाचलंय, इलायस ❤️ यावर तरी भांडण नको.

पण मी अजून म्हणते की इनान सारखा इकडून तिकडं पलटतो म्हणून तो खोटा नाही होत. वडिलांना घाबरणारी पोरं अशीच असतात. घरी एक, बाहेर एक. मला माहितेत अशी.

यंत्रमाग_पूर्वभाग:
@नीट_की_जेईई इनान खोटा नाही, पटलं. इनानचं पात्र मला पण आवडलं, बापाची भीती लईच बारकाईनं लिहिलीय. तो एकटा असतो ती प्रकरणं भारी. झेलीबरोबर असला की बिघडतं.

कडकभाकरी:
बरं मग आता प्रश्न असा की दुसरा भाग घ्यावा का? चिल्ड्रन ऑफ व्हर्च्यू अँड व्हेंजन्स, २०१९. पहिल्याचा शेवट असा केलाय की राहवत तर नाही, पण परत इनानच्या डोळ्यांवर पॅरेग्राफ असतील तर मी पैसे घालवणार नाही.

विजापूररोड_वाचक:
घे. झेली त्यात त्याच्यावर मनापासून चिडलेली आहे, जे पहिल्या भागात पाहिजे होतं ते. आणि पहिल्या भागात तो भाडोत्री लढवय्या येतो ना, रोएन, त्याला जास्त जागा मिळते. तिसरा भाग २०२४ ला आला, चिल्ड्रन ऑफ अँग्विश अँड अनार्की, म्हणजे वाट बघत बसायची भानगड नाही, सगळे एकदम वाचून टाक.

कडकभाकरी:
रोएन!! तो आवडला होता मला, दोन-चार पानातच. चला मग घेते. पहिला भाग कुणाला वाचायला पाहिजे असेल तर सांगा, सात रस्त्याला भेटून देईन, पण पानं दुमडायची नाहीत आणि मिठाच्या वासावर पेन्सिलनं खुणा केल्यात त्या पुसायच्या नाहीत.

निवृत्तमास्तर:
मला द्या. नात म्हणते आजोबा न वाचता बोलतात.