मदत हवी आहे: देवाचे उपकार रोज आठवायचे कसे?

रात्रीच्या प्रार्थनेत उपकारस्तुती करतो, पण ती पाठ झाल्यासारखी होते: आरोग्य, नोकरी, मुलं, आमेन. वही ठेवून पाहिली; लवकरच त्याच ओळी पुन्हा उतरू लागल्या. बायबलमधलं स्तोत्र 103 वाचतो, तेही ओठांवरच राहतं. स्तोत्र 136 मात्र भिडलं. त्यात सृष्टीची निर्मिती, इस्राएल लोकांची मिसरातून (इजिप्तमधून) सुटका, तांबडा समुद्र अशा नेमक्या घटना आहेत आणि 26 वचनांत प्रत्येक वेळी देवाच्या दयेचं तेच पालुपद. तसं स्वतःच्या घराचं लिहावंसं वाटतं. पण सध्या घरात आजारपण आहे, अशा दिवशी उपकार मोजणं खोटं वाटतं. (विलापाची स्तोत्रं वाचतोच.) पहाटेची शिफ्ट असल्याने वेळ रात्रीचाच, तोही थोडा, आणि सोबत लहान मुलं. दुःख न लपवता, मुलांनाही कळतील असे जुने उपकार आठवायला तुम्ही नेमकं काय करता?