पगारावरून कौशल्य कसं ठरवणार?

'ब्रिटिश लोकांना फक्त उच्चशिक्षित स्थलांतरित हवेत' हे मत मला पटत नाही. तिथल्या जनमत पाहण्यांत डॉक्टर-नर्सबरोबरच वृद्धांची देखभाल करणाऱ्या केअर वर्करनाही भरघोस पाठिंबा मिळतो. बँकरना त्याहून कितीतरी कमी! अंथरुणाला खिळलेल्या माणसाची पाठ सोलवटू न देता कूस बदलणं, स्मृतिभ्रंश झालेल्या आजींना न चिडवता गोळ्या देणं, हे येरागबाळ्याचं काम नाही. याला अकुशल ठरवणं सरळसरळ अन्याय आहे. ब्रिटनचे व्हिसाचे नियम मात्र पगार बघतात. एप्रिल २०२४ मध्ये स्किल्ड वर्कर व्हिसाची (कुशल परदेशी कामगारांना नोकरीसाठी मिळणाऱ्या व्हिसाची) किमान वार्षिक पगाराची सर्वसाधारण अट २६,२०० पौंडांवरून ३८,७०० वर नेली. त्याच्या महिनाभर आधी नव्या केअर वर्करना कुटुंब सोबत आणायला बंदी झाली होती, आणि जुलै २०२५ पासून त्यांची परदेशातून नवी भरतीच थांबवली.