मदत हवी आहे: पेलेट ग्रिलला बाहेरून धूर जोडायचाय

मंडळी, नमस्कार. फोंड्याला आमच्या परसात पेलेट ग्रिल आहे, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या गोळ्या (पेलेट) जाळून चालणारी शेगडी. तापमान इमानेइतबारे धरतं, पण धुराची चव नावापुरतीच. 110 अंशांवर थोडी तरी लागते. 150 च्या पुढे पेलेट इतके स्वच्छ जळतात की बांगडा ओव्हनमधून काढल्यासारखा वाटतो. म्हणून बाजूला स्टीलचा उभा डबा बसवून, त्यात काजूच्या नाहीतर आंब्याच्या सुक्या लाकडाचे तुकडे पेटवून, माशांच्या टाकीच्या एअर पंपाने धूर नळीवाटे आत ढकलायचा विचार आहे.

अडलंय ते नळीसाठी ग्रिलला पाडायच्या भोकापाशी. ग्रिलचा स्वतःचा पंखा आत हवा ढकलतच असतो, मग धूर उलटा डब्यात येईल का? भोक जाळीखाली पाडू की वर, चिमणीच्या समोरच्या बाजूला? शिवाय नळीत काळा चिकटा साचतो म्हणे. तो माशावर ठिबकू नये म्हणून नळीला उतार डब्याकडे दिला तर पुरे का?

पावसाळ्यात आपल्याकडे पेलेट नुसत्या दमट हवेनेच फुगून भुसा होतात, तर लाकूड कोरडं ठेवायची युक्तीही सांगा.

भोकाभोकांच्या नळीत पेलेट पेटवून आत ठेवायचा सल्ला कृपया नको. ती जाळीवरची जागा खाते. गोव्यात कुणी असं जोडकाम केलं असेल तर फोटो टाका.