डोस वाढवण्याआधी पफ कसा देताय ते बघा

ताई, तुम्ही लिहिलंय की पाच वर्षांच्या लेकाला साल्बुटामॉलच्या पंपाचे (दम्यात श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध) दोन पफ लागोपाठ दिले तरी धाप थांबत नाही, डोस वाढवू का? आधी देण्याची पद्धत तपासा. आमच्याकडे चोपड्याला वेचणीचा कापूस घरात भरला की माझ्या मुलीची छाती वाजायला लागते. मीही दोन्ही पफ एकदम स्पेसरमध्ये, म्हणजे पंपाला जोडायच्या पोकळ नळकांड्यात, सोडायचे. तसं केलं की बरंचसं औषध आतच चिकटून वाया जातं. पंप हलवा, एकच पफ, मास्क नाकातोंडावर घट्ट, आणि स्पेसरची झडप हलताना बघत पाच-सहा श्वास मोजा. मग पुन्हा हलवून दुसरा. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच वाळू द्या, फडक्याने पुसू नका.

एका पफमध्ये साधारण 100 मायक्रोग्रॅम औषध असतं. अ‍ॅटॅक आला तर किती पफ द्यायचे, हे तुमच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहूनच घ्या, मी तो कागद फ्रीजवर चिकटवलाय. चार तासांच्या आत पुन्हा पंप लागला, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, बोलताना वाक्य तुटत असेल, तर सकाळची वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा. स्पेसर आणि पंप सोबत घ्या, वाटेतही पफ द्यावे लागतात.