मदत हवी आहे: प्रोटॉनची त्रिज्या काढताना शून्यापाशी उतार कसा ठरवतात?

नमस्कार मंडळी, इलेक्ट्रॉन-प्रोटॉन स्कॅटरिंगमधून प्रोटॉनची त्रिज्या कशी काढतात ते समजून घेताना एका जागी अडलोय.

हायड्रोजनवर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडायचा, कुठल्या कोनात किती इलेक्ट्रॉन वळले ते मोजायचं. १९५०च्या दशकात स्टॅनफर्डला हॉफस्टॅटर यांनी हेच केलं. त्यातून मिळणारा विद्युत फॉर्म फॅक्टर (प्रोटॉनमधला विद्युतभार कसा पसरलाय ते सांगणारी राशी) शून्य क्यू²ला (क्यू² म्हणजे टकरीत प्रोटॉनला मिळालेल्या संवेगाचा वर्ग) १ असतो आणि पुढे उतरत जातो. शून्यापाशी असलेला उतार उणे ६ने गुणला की त्रिज्येचा वर्ग. इथवर ठीक.

पण शून्यावर मोजता येत नाही, आलेख मागे वाढवावा लागतो. २०१०मध्ये जर्मनीतल्या माइन्झच्या स्कॅटरिंगमधून ०.८७९ फेम्टोमीटर आले, त्याच वर्षी म्युऑनिक हायड्रोजनच्या (इलेक्ट्रॉनच्या जागी जड म्युऑन असलेल्या) वर्णपटातून ०.८४२. फरक किती दिसायला हवा ते मी हिशेब करून पाहिलं. क्यू² ०.०१ जीईव्ही² असताना या दोन त्रिज्यांमुळे मोजणीत जेमतेम अर्धा टक्का फरक पडतो. ०.००१ला तो ०.०५ टक्क्यावर येतो, म्हणजे हाती काहीच लागत नाही. उलट ०.०५पर्यंत वर गेलो तर आलेखाचा बाकच या फरकाएवढा होतो! मग त्रिज्या नक्की कुठल्या बिंदूंतून मिळते? आणि शून्याला १ हे ठाऊक असताना माइन्झवाले नॉर्मलायझेशन (सगळ्या मोजणीला लागणारा एकच गुणक) मोकळं का सोडतात?

प्रतिसाद १
हिशेब बरोबर आहे, दुखणं तेच आहे. आधी नॉर्मलायझेशन. मोजणी टार्गेटची घनता, झोतातला विद्युतभार, डिटेक्टरची कार्यक्षमता या सगळ्यांवर अवलंबून असते, आणि यातलं काहीच हजारात एक इतकं काटेकोर माहीत नसतं. म्हणून ते फिटमध्येच, म्हणजे बिंदूंवर फंक्शन जुळवतानाच ठरवतात. आलेख शून्याला १मधून जायला हवा ही अट त्यासाठीच कामी येते. अर्थात त्यामुळे फिटसाठी कुठलं फंक्शन घेतलं याचा परिणाम थेट त्रिज्येवर होतो.

अमेरिकेतल्या जेफरसन लॅबच्या पीरॅड (PRad) या स्कॅटरिंग प्रयोगाची युक्ती मला फार आवडते. त्याच हायड्रोजन वायूतल्या इलेक्ट्रॉनांवर आपटून आलेले इलेक्ट्रॉन त्यांनी त्याच डिटेक्टरमध्ये मोजले. त्या क्रियेचा हिशेब सिद्धांतातून चोख मिळतो. दोन मोजण्यांचं गुणोत्तर घेतलं की घनता आणि झोत दोन्ही कटतात. शिवाय टार्गेटला खिडक्या नव्हत्या, त्यामुळे पार्श्वभूमीही कमी. क्यू² ०.०००२पासून ०.०६पर्यंत. २०१९ला उत्तर आलं ०.८३१.

धागाकर्ता
गुणोत्तराचं आता पटलं, मनापासून आभार! पण ०.०६पर्यंत गेले म्हणजे बाक आलाच ना? फंक्शन कसं निवडलं?

प्रतिसाद १
डेटा उघडायच्या आधी. त्रिज्या आधीच माहीत असलेला कृत्रिम डेटा बनवून त्यावर बरीच फंक्शनं चालवली आणि तीच त्रिज्या भरवशाने परत देणारं धरलं: अंशात एकघाती, छेदात एकघाती बहुपदी असलेला अपूर्णांक. बाक त्यात आपसूक येतो. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. एखादा बिंदू त्रिज्या देत नाही. खालचे बिंदू आलेखाची सुरुवात पक्की धरतात, मधले उतार देतात.

प्रतिसाद २
एक भर घालतो. माइन्झ आणि पीरॅडच्या त्रिज्यांतल्या फरकाचा सगळा दोष फिटवर टाकू नका. माइन्झ आणि पीरॅडचे फॉर्म फॅक्टर एकाच आलेखावर मांडून पाहा, पीरॅडच्या पल्ल्याच्या वरच्या टोकाकडे ते एकमेकांपासून सुटतात. तिथे मोजमापंच जुळत नाहीत.