वृद्धाश्रमात दर महिन्याला वजन करणं सक्तीचं हवं का?

लातूरची नर्स: तपासणी शिबिरांसाठी वृद्धाश्रमांत जाणं होतं. ताट भरलेलं असतं, पण पोटात काही जात नाही. कवळी सैल झालेली, भाकरी चावत नाही. मग आजी पातळ वरणभात खातात आणि "पोट भरलं" म्हणतात. वय झालं की माणूस वाळतोच, असं सगळे धरून चालतात. पण सहा महिन्यांत ५० किलोचे ४५ झाले तर १० टक्के वजन गेलं, आणि तो आजार समजायचा. म्हणून दर महिन्याला वजन करून वहीत लिहावं आणि ती वही नातेवाइकांना दाखवावी. उभं राहता येत नसेल तर पोटरीचा घेर मोजा. ३१ सेंमीपेक्षा कमी भरला तर डॉक्टरांना दाखवा.

परभणीचा आश्रमचालक: वजनकाटा आहे आमच्याकडे. पण वजन उतरलेलं दिसल्यावर करायचं काय? स्वयंपाकाला एकच मावशी. लोक वाढदिवसाला, वर्षश्राद्धाला पुरी-श्रीखंडाचं जेवण देतात, रोजच्या दुधाला कुणी देत नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात जिल्ह्याला किमान १५० निराधारांसाठी वृद्धाश्रमाची तरतूद आहे. आधी त्याचं बोला. वही दाखवली की दिवाळीलाही न फिरकणारी मुलं आम्हालाच धरणार.

बीडकर: मलाही सक्ती पटत नाही. आमचे बापू माळकरी आहेत. अंडं चालत नाही, एकादशी मोडत नाहीत. फोनवर विचारलं की "जेवायलोय रे" म्हणतात. आई गेल्यापासून त्यांना घासच उतरत नाही. काटा त्याला काय करणार?

लातूरची नर्स: बीडकर, उदासीनं जेवण तुटतं हे अगदी खरं, आणि त्यावर उपचार होतात. पण बापू फोनवर "जेवायलोय" म्हणतात तेव्हा खरं काय ते काट्यावरच कळेल.

वय झालं की किलोमागे रोज निदान १ ग्रॅम प्रथिनं लागतात. ५० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. पातळ वरणातून ती मिळत नाहीत. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच द्यायची. अंडं नको तर नको. मुगाचं घट्ट वरण, हुलग्याचं माडगं, ताकातल्या ज्वारीच्या कण्या, भाजीत शेंगदाण्याचा बारीक कूट हे सगळं बिनदातांनी खाता येतं. एकादशीला भगरीबरोबर दाण्याची आमटी आणि दही. मावशींचं काम फारसं वाढत नाही. संध्याकाळी सहाला जेवलेल्या माणसाला सकाळी आठपर्यंत काहीच मिळत नाही, म्हणजे चौदा तास उपाशी! रात्री नऊला कपभर दूध द्या.

जालन्याची लेक: यंदा बाबांच्या वर्षश्राद्धाला पंगतीऐवजी महिनाभराचं दूध देणार. आश्रमांनी फलकावर गरज स्पष्ट लिहावी, लोक देतात.

परभणीचा आश्रमचालक: दूध मिळालं तर रात्रीचा कप लगेच सुरू करतो, कण्याही करू. वहीसुद्धा ठेवीन, पण ती डॉक्टरांना दाखवीन. नातेवाइकांना दाखवायची सक्ती मान्य नाही.

लातूरची नर्स: दादा, तिथंच आपलं जमत नाही. डॉक्टर महिन्यातून एकदा येणार. मुलगा भांडायला का होईना, आला तर बापाशेजारी बसून दोन घास भरवेल.

बीडकर: ताई, बापूंचं वजन आधी किती होतं तेच मला माहीत नाही. रविवारी जातोय, काट्यावर उभं करतो. सक्तीचं मात्र अजून पटलेलं नाही.