नाव सापडत नाही म्हणून टीसीपी/आयपी काढू नये
वर्कस्टेशनला, म्हणजे नेटवर्कवरच्या कामाच्या संगणकाला, सर्व्हर नावाने सापडत नसेल, तर टीसीपी/आयपी (संगणकांनी नेटवर्कवर एकमेकांशी बोलण्याची नियमावली, म्हणजे प्रोटोकॉल) काढून पुन्हा बसवावे, असा एक सल्ला दिला जातो. विंडोजच्या आजच्या आवृत्त्यांत हा प्रोटोकॉल प्रणालीचाच भाग असल्यामुळे तो काढता येत नाही. फार तर 'नेटएसएच' (netsh) आज्ञेने तो मूळ स्थितीत आणता येतो, पण त्यात हाताने भरलेला स्थिर आयपी पत्ता (संगणकाचा नेटवर्कवरचा आकडी पत्ता) पुसला जाऊ शकतो, आणि सर्व्हरच्या बाबतीत ते महागात पडते.

त्याआधी संगणकाचा पत्ता दाखवणाऱ्या 'आयपीकॉन्फिग' (ipconfig) आज्ञेचे उत्तर नीट वाचावे. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर डीएचसीपीकडून (संगणकांना आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून) उत्तरच आलेले नाही. मग केबल, स्विच किंवा संपलेला पत्त्यांचा साठा पाहावा. पत्ता योग्य आहे, सर्व्हरच्या आकडी पत्त्यावर पिंग (संपर्क तपासणारा संदेश) जाते, पण नावावर जात नाही, तर दोष डीएनएसकडे (नावावरून आकडी पत्ता सांगणाऱ्या सेवेकडे) शोधावा. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा कोणीतरी 'सोय म्हणून' पर्यायी डीएनएसच्या रकान्यात ८.८.८.८ हा गूगलचा सार्वजनिक डीएनएस सर्व्हर भरलेला असतो. संस्थेच्या अंतर्गत डीएनएस सर्व्हरने एकदा जरी उत्तराला उशीर लावला, तरी वर्कस्टेशन या बाहेरच्या सर्व्हरला विचारते, त्याला आतली नावे ठाऊक नसतात, आणि 'असे नाव नाही' हेच उत्तर ग्राह्य धरले जाते. मुख्य आणि पर्यायी अशा दोन्ही रकान्यांत अंतर्गत डीएनएस सर्व्हरच द्यावेत आणि मग साठवलेली उत्तरे पुसणारी 'फ्लशडीएनएस' (ipconfig /flushdns) आज्ञा चालवावी, नाहीतर ते जुने नकारार्थी उत्तर काही काळ तसेच साठून राहते.